गाजरगवताची बाधा आणि शरीराची स्मृती

गाजरगवत निर्मूलनाच्या मोहिमेत विस्तार कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. वर्षानुवर्षे हे गवत उघड्या हाताने उपटणाऱ्या शेतकऱ्यास कधी काही झाले नाही. मग एखाद्या पावसाळ्यात त्याच्या मानेवर, पापण्यांवर आणि कोपराच्या आतील घडीत खाजरे पुरळ कसे उठले? शेजारच्या बांधावर तेच काम करणारा दुसरा शेतकरी अद्याप निर्धास्त कसा? पुरळ काम केल्या दिवशी न उठता एक-दोन दिवसांनी का उठते? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर तणाच्या विषारीपणात शोधल्यास सापडत नाही. ते मानवी शरीराच्या लसिकासंस्थेत आणि तिच्या आधाराने चालणाऱ्या प्रतिकारयंत्रणेत आहे.

जबलपूर येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजरगवत जागरूकता सप्ताह पाळला जातो. शाळा, ग्रामपंचायती, कृषी विज्ञान केंद्रे आणि स्वयंसेवक या सप्ताहात गवत उपटण्यासाठी एकत्र येतात. या सामुदायिक कामाचे मोल मोठे आहे. तथापि उपटणाऱ्या प्रत्येक हाताची त्वचा आणि काखेतील प्रत्येक लसिकाग्रंथी त्या दिवशी एका नव्या रसायनाची ओळख करून घेत असते, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय मोहिमेची आखणी पूर्ण होत नाही.

तणाचा प्रवास : पुणे ते जबलपूर

गाजरगवताचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. ही वनस्पती मूळची मेक्सिको व अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. भारतात ती १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम ठळकपणे नोंदली गेली. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘काँग्रेस गवत’ हे तिचे लोकनामही त्याच काळातले. महाराष्ट्रात तिला पांढरफुली आणि चटकचांदणी अशीही नावे आहेत.

एक झाड हजारो बिया देते. जोमदार झाडाच्या बाबतीत हा आकडा २५,००० पर्यंत सांगितला जातो. बी हलके असल्याने वारा, पाणी, वाहने, जनावरांचे खूर आणि शेणखत या सर्वांबरोबर ते पसरते. ओल मिळाल्यास वर्षभर उगवण होते आणि वर्षातून अनेक पिढ्या पूर्ण होतात. धान, गहू आणि हिरव्या वाटाण्याच्या जबलपूर परिसरात रस्त्यांच्या कडा, रेल्वेमार्गालगतच्या जागा, पडीक जमिनी आणि शेताचे बांध या तणाने व्यापलेले दिसतात. विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रातील चित्रही याहून वेगळे नाही.

तण संशोधनासाठी जबलपूर येथे १९८९ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि पुढे त्यास संचालनालयाचा दर्जा मिळाला. मानवी आरोग्यावरील परिणामांची पहिली ठळक नोंद मात्र पुण्याकडे जाते. या तणाचा पुण्यात बोलबाला झाल्यानंतर सुमारे दीड दशकाने, १९७० च्या दशकाच्या प्रारंभी, तेथील त्वचारोगतज्ज्ञांनी गाजरगवतामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळल्याचे वैद्यकीय नियतकालिकांतून मांडले. त्यानंतर देशाच्या इतर भागांतूनही तशा नोंदी आल्या. आज भारतात वनस्पतिजन्य संपर्क त्वचादाहाचे सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणून गाजरगवताकडे पाहिले जाते.

लसिकासंस्था : शरीरातील निचऱ्याचे चर

शेताला पाणी देण्यासाठी पाट लागतात, तसे पाण्याचा निचरा होण्यासाठी चरही लागतात. केवळ पाट असलेले आणि चर नसलेले शेत चिबडते. मानवी शरीरातही अशा दोन व्यवस्था आहेत. रक्तवाहिन्या पाटाचे काम करतात. हृदयाच्या दाबामुळे रक्तातील काही द्रव सूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाझरून ऊतींत उतरतो आणि पेशींना पोषण देतो. पाझरलेला सर्व द्रव थेट रक्तात परत जात नाही. जो मागे उरतो, तो लसिकावाहिन्या गोळा करतात. या फिकट, पाणीदार द्रवास लसिका म्हणतात. दररोज साधारणतः २ ते ३ लिटर लसिका या मार्गाने पुन्हा रक्तप्रवाहात सोडली जाते.

लसिकेच्या सूक्ष्मवाहिन्यांची टोके बंद असतात. त्यांच्या भिंतीतील पेशी कौलांप्रमाणे एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. बाहेर द्रवाचा दाब वाढला की या कडा आत उघडतात आणि द्रवाबरोबर प्रथिने, जंतू, मृत पेशींचे अवशेष व जिवंत पेशीही आत शिरतात. रक्ताच्या केशवाहिनीत सहज न शिरणाऱ्या मोठ्या वस्तूंसाठी हाच मार्ग मोकळा असतो. पुढे वाहिन्या मोठ्या होत जातात आणि त्यांत ठरावीक अंतरावर झडपा असतात. या संस्थेला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन, भोवतालच्या स्नायूंची हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांच्या बळावर लसिका पुढे सरकते. अखेरीस छातीतील मुख्य लसिकावाहिनी मानेच्या डाव्या बाजूस, गळपट्टीच्या हाडामागे, मोठ्या शिरेत रिकामी होते. डोक्याचा व छातीचा उजवा भाग आणि उजवा हात यांची लसिका उजव्या बाजूच्या शिरेत जाते.

हा निचरा खुंटला म्हणजे काय होते, हे हत्तीपाय रोगात दिसते. डासामार्फत शरीरात शिरलेले सूक्ष्म कृमी लसिकावाहिन्यांत वाढतात, वाहिन्या व झडपा निकामी होतात आणि पायाची सूज कायमची होऊन बसते. विदर्भातील अनेक गावांना हा रोग परिचित आहे.

लसिकाग्रंथी : भेटीचे ठिकाण

लसिकेच्या वाटेवर जागोजागी घेवड्याच्या दाण्यासारख्या ग्रंथी असतात. मानवी शरीरात त्यांची संख्या सुमारे ५०० ते ७०० असते. मान, काख, जांघ, छाती व पोट या भागांत त्यांचे समूह आढळतात. पायाला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. ग्रामीण भागात यास ‘अवधाण आले’ असे म्हणतात. ही गाठ नवीन उगवलेली नसते. तेथे आधीपासून असलेली लसिकाग्रंथी कामाला लागून फुगलेली असते. पशुपालकांनाही हे परिचित आहे. थायलेरियोसिस किंवा लम्पी त्वचारोग झालेल्या जनावराच्या खांद्यापुढील गाठ पशुवैद्य हाताने चाचपून पाहतात, ती लसिकाग्रंथीच होय.

ग्रंथीत लसिका गाळली जाते, हे तिचे एक काम. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. शरीरात लसिकापेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘बी’ पेशी प्रतिपिंड तयार करण्याची व्यवस्था करतात. ‘टी’ पेशी अस्थिमज्जेत जन्मून छातीतील थायमस ग्रंथीत परिपक्व होतात आणि इतर पेशींना कामाला लावतात किंवा बाधित पेशी स्वतः नष्ट करतात. प्रत्येक लसिकापेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक एका विशिष्ट आकाराच्या रेणूशीच जुळतो. कोट्यवधी लसिकापेशींमध्ये एखाद्या विशिष्ट रेणूशी जुळणाऱ्या पेशी अगदी मोजक्या असतात.

या मोजक्या पेशींची त्या रेणूशी गाठ कशी पडावी? संपूर्ण त्वचेवर, आतड्यात आणि फुप्फुसात प्रत्येक प्रकारची पेशी पहाऱ्यावर ठेवणे अशक्य आहे. म्हणून शरीराने आठवडी बाजारासारखी व्यवस्था केली आहे. गावोगावचा माल ज्याप्रमाणे एका बाजारात येतो आणि गिऱ्हाईक तेथेच फिरते, त्याप्रमाणे त्या त्या भागातील परके रेणू लसिकेवाटे ठरावीक ग्रंथीत आणले जातात आणि लसिकापेशी एका ग्रंथीतून दुसऱ्या ग्रंथीत सतत फिरत राहतात. एकूण लसिकापेशींपैकी रक्तात कोणत्याही क्षणी सुमारे २ टक्केच असतात. बाकीच्या ग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा, आतड्यांचे अस्तर व इतर ऊतींत असतात.

पहिली ओळख : त्वचेपासून काखेपर्यंत

गाजरगवताची पाने, खोड आणि फुले यांवर सूक्ष्म लव असते. या लवेत पार्थेनिन नावाचे रसायन असते. ते सेस्क्विटर्पिन लॅक्टोन या गटातील आहे. हा रेणू इतका लहान असतो की एकट्या रेणूस प्रतिकारयंत्रणा ओळखू शकत नाही. मात्र लहान व तेलात विरघळणारा असल्यामुळेच तो त्वचेच्या वरच्या थरातून सहज आत जातो आणि तेथील प्रथिनांना घट्ट चिकटतो. स्वतःचेच प्रथिन, पण त्यावर परक्या रेणूचे ठिगळ, असे मिश्रण तयार होते. शरीर ज्यास परके म्हणून ओळखते ते हेच मिश्रण.

बिब्ब्याची गोष्टही याच जातीची आहे. बिब्ब्याच्या तेलातील रसायन त्वचेतील प्रथिनांना चिकटते आणि ‘बिब्बा उतला’ की अंग सुजते. खाजकुइलीचे मात्र तसे नाही. तिचे केस टोचताच प्रत्येकास, पहिल्याच वेळी आणि तत्काळ खाज सुटते. त्यासाठी शरीराला काही शिकावे लागत नाही. गाजरगवताची बाधा शिकावी लागते.

हे शिक्षण असे होते. त्वचेच्या वरच्या थरात फांद्या फुटल्यासारख्या आकाराच्या पेशी जाळ्याप्रमाणे पसरलेल्या असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन वैद्यकाने विद्यार्थिदशेत, १८६८ मध्ये, त्यांचे वर्णन केले. म्हणून त्यांना लँगरहान्स पेशी म्हणतात. त्या काळी त्या मज्जासंस्थेचा भाग वाटल्या होत्या. प्रत्यक्षात या पेशी आणि त्वचेच्या खालच्या थरातील त्यांच्यासारख्याच इतर पेशी परके मिश्रण उचलतात, आपली जागा सोडतात, लसिकावाहिनीत शिरतात आणि जवळच्या ग्रंथीत पोहोचतात. हाताच्या त्वचेवरून निघालेल्या पेशी मुख्यतः काखेतील ग्रंथीत जातात. चेहरा व मान येथून निघालेल्या पेशी मानेतील ग्रंथीत जातात.

ग्रंथीत या पेशी आपण आणलेले मिश्रण पृष्ठभागावर मांडतात. तेथून जाणाऱ्या असंख्य टी पेशींपैकी एखादी त्याच्याशी जुळते. जुळलेली पेशी थांबते, वाढते आणि विभागते. एकीच्या दोन, दोनच्या चार, असे होत काही दिवसांत तिची मोठी संतती तयार होते. या संततीवर त्वचेकडे परतण्याची खूण उमटलेली असते. तिच्यातील काही पेशी दीर्घायुषी स्मृतिपेशी बनतात. या साऱ्या प्रक्रियेला साधारणतः १० ते १४ दिवस लागतात आणि या काळात त्वचेवर बहुधा काहीही दिसत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ‘काही झाले नाही’. त्याच्या लसिकाग्रंथीत मात्र पुष्कळ काही घडून गेलेले असते.

प्रत्येक व्यक्तीत हे पहिल्याच संपर्कात घडते असे नाही. काहींत ते अनेक वर्षांच्या वारंवार संपर्कानंतर घडते, काहींत कधीच घडत नाही. रेणूची मात्रा, संपर्काची वारंवारता, त्वचेला पडलेल्या भेगा व जखमा आणि व्यक्तीची प्रकृती यांवर ते अवलंबून असते. शेजारचा शेतकरी निर्धास्त का, याचे उत्तर येथे मिळते. तो कायम निर्धास्त राहील, याची हमी मात्र त्यातून मिळत नाही.

दुसरी ओळख : पुरळ

स्मृतिपेशी तयार झाल्यानंतर पार्थेनिन पुन्हा त्वचेत शिरले की त्वचेतील व रक्तातील या पेशी त्याला ओळखतात. त्या दाहकारक संदेशरसायने सोडतात, इतर पांढऱ्या पेशींना बोलावतात, केशवाहिन्या सैल होतात आणि त्वचा लाल होऊन सुजते, खाजते, कधी पाणी सुटते. पेशी गोळा होण्यास वेळ लागतो म्हणून ही प्रतिक्रिया साधारणतः २४ ते ७२ तासांनी भरास येते. सोमवारी उपटलेल्या गवताचे पुरळ बुधवारी उठते. त्यामुळे अनेकदा दोष बुधवारी खाल्लेल्या पदार्थाला किंवा मंगळवारी फवारलेल्या औषधाला दिला जातो.

क्षयरोगाच्या ट्युबरक्युलिन चाचणीचा निकाल ४८ ते ७२ तासांनी पाहतात, हे आरोग्यसेवक व पशुवैद्य जाणतातच. तिच्यामागील तत्त्व हेच आहे. गाजरगवताच्या निदानासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्टी चाचणी करतात. अर्काची सूक्ष्म मात्रा असलेली पट्टी दोन दिवस लावून ठेवतात आणि ती काढल्यानंतर, तसेच पुढील एक-दोन दिवसांनी पुन्हा, प्रतिक्रिया तपासतात.

या बाधेची जागाही बोलकी असते. वाळलेल्या झाडाचे कण व केस धुळीबरोबर वाऱ्यावर उडतात आणि उघड्या त्वचेवर बसतात. म्हणून पापण्या, कपाळ, कानामागची जागा, मान, शर्टाच्या गळ्यातून दिसणारा छातीचा भाग, कोपर व गुडघ्यामागील घड्या येथे पुरळ प्रथम दिसते. काही वर्षे बाधा टिकलेल्या रुग्णांत त्वचा जाड व काळसर होते आणि ऊनही सोसवेनासे होते. शेतीवर पोट असलेल्या माणसाला ऊन वर्ज्य होणे म्हणजे त्याचा रोजगारच धोक्यात येणे होय.

तीन प्रयोगांची साक्ष

ही हकिकत अनुमानावर आधारलेली नाही. विसाव्या शतकातील तीन प्रयोगांनी तिची एकेक कडी सिद्ध केली.

पहिला प्रयोग कार्ल लँडस्टायनर व मेरिल चेस यांचा. १९४२ मध्ये त्यांनी एका साध्या रसायनाची बाधा असलेल्या गिनीपिगच्या शरीरातील पांढऱ्या पेशी निरोगी गिनीपिगमध्ये सोडल्या. निरोगी प्राण्यातही तीच बाधा निर्माण झाली. रक्तातील पेशीविरहित द्रवाने मात्र ती संक्रमित होत नव्हती. संपर्कबाधेची स्मृती प्रतिपिंडांत नसून पेशींत असते, हे यावरून कळले.

दुसरा प्रयोग जेम्स गोवन्स यांचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ऑक्सफर्ड येथे त्यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या छातीतील मुख्य लसिकावाहिनीतून लसिकापेशी काढल्या, खूण करून रक्तात सोडल्या आणि त्या पुन्हा लसिकेत अवतरतात हे दाखवले. लसिकापेशींचे रक्तातून ग्रंथीत व ग्रंथीतून रक्तात चालणारे अखंड परिभ्रमण या कामातून स्पष्ट झाले.

तिसरा प्रयोग फ्राय व वेंक यांचा, १९५७ चा. त्यांनी गिनीपिगच्या त्वचेचा एक तुकडा भोवतालच्या त्वचेपासून वेगळा केला; रक्तवाहिन्यांचा संबंध कायम ठेवला आणि लसिकावाहिन्यांचा तोडला. अशा तुकड्यावर बाधा करणारे रसायन लावले तरी प्राण्याला बाधा जडली नाही. लसिकेची वाट शाबूत ठेवल्यावर ती जडली. शरीर या रसायनाची ओळख लसिकेच्या वाटेने करून घेते, याचा याहून सरळ पुरावा देणे कठीण आहे.

शिंका आणि पुरळ : दोन वाटा

गाजरगवताच्या परागामुळे काहींना शिंका, नाक वाहणे, डोळ्यांची आग आणि दम्याचा त्रास होतो. तो काही मिनिटांतच सुरू होतो. येथे प्रतिकारयंत्रणेची दुसरी शाखा काम करते. बी पेशींच्या संततीने बनवलेले ‘ई’ गटाचे प्रतिपिंड श्वसनमार्गातील मास्ट पेशींवर आधीच बसलेले असतात; पराग येताच त्या पेशी हिस्टामीन सोडतात. त्वचेचा दाह आणि नाकाची प्रतिक्रिया एकाच व्यक्तीत असू शकतात, तथापि त्यांचे कारक रेणू, वेळ आणि उपचार वेगळे असतात. शिंकांवर उपयोगी पडणारी गोळी त्वचादाहाच्या मुळावर काम करत नाही, ते यामुळेच.

प्रचलित गैरसमज

पहिला गैरसमज असा, की बाधा झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती दुबळी असते. वस्तुस्थिती उलट आहे. त्याची प्रतिकारयंत्रणा शिकली आहे, तिला नेमके स्मरण आहे आणि ती वेगाने काम करते; केवळ ज्या रेणूपासून मोठा धोका नाही त्यावर ती तुटून पडते. म्हणून प्रतिकारशक्ती ‘वाढवणाऱ्या’ चूर्ण-काढ्यांनी या बाधेला उतार पडण्याचे कारण नाही. धनुर्वाताची लस अथवा जनावरांची लाळ्या-खुरकुताची लस ज्या स्मृतीवर विसंबते, तीच स्मृती येथे त्रासदायक ठरते.

दुसरा गैरसमज असा, की हे पुरळ संसर्गजन्य आहे. बाधित व्यक्तीच्या स्पर्शाने ते दुसऱ्यास होत नाही. तिच्या कपड्यांवर राहिलेले गवताचे कण मात्र दुसऱ्या संवेदनशील व्यक्तीस त्रास देऊ शकतात. माणसाला दूर ठेवण्याचे कारण नाही. कपडे वेगळे धुणे पुरेसे आहे.

तिसरा गैरसमज असा, की काही काळ सतत काम केल्याने अंगाला सवय होते. पुरळ एकदा सुरू झाल्यावर पुन्हा पुन्हा केलेल्या संपर्काने बाधा सहसा वाढते. स्मृतिपेशी अनेक वर्षे टिकतात. इतकेच नव्हे, तर सूर्यफूल कुळातील अन्य वनस्पतींत तशाच जातीची रसायने असल्याने काही रुग्णांना शेवंती, सूर्यफूल किंवा शंकेश्वर यांचाही त्रास होऊ लागतो.

मोहिमेच्या आखणीसाठी सूचना

वरील विवेचनातून निघणारा व्यवहार सरळ आहे. स्मृती तयार होताना कोणतीही खूण दिसत नाही. म्हणून संरक्षण पुरळ येण्याच्या आधीपासूनच हवे. ज्याला कधीच त्रास झालेला नाही, त्यालाच हातमोज्यांची गरज सर्वांत अधिक आहे.

१. गवत फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट काढावे. या अवस्थेत पराग व बी नसते, झाड सहज निघते आणि धूळ उडत नाही.

२. रबरी किंवा जाड प्लास्टिकचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद पादत्राणे आणि नाकातोंडावर कापड वापरावे. सुती मोजे ओले झाल्यावर रस त्वचेपर्यंत जाऊ देतात. मोजे नसल्यास खुरपे किंवा लांब दांड्याचे अवजार वापरावे. शाळकरी मुलांना उघड्या हाताने उपटण्याच्या कामाला लावू नये.

३. काम चालू असताना डोळे, चेहरा व मान यांना हात लावू नये. काम संपताच साबण व भरपूर पाण्याने हात, चेहरा व मान धुवावी, स्नान करावे आणि कपडे वेगळे धुवावेत.

४. ज्यांना पूर्वी पुरळ किंवा दम्याचा त्रास झाला आहे, त्यांना उपटणी, वाहतूक व खतखड्डा भरणे या कामांतून वगळावे. नोंदी ठेवणे, जनजागृती, प्रतिस्पर्धी वनस्पतींचे बी गोळा करणे अशी कामे त्यांच्याकडे द्यावीत.

५. वाळलेली झाडे झोडपू, तुडवू किंवा जाळू नयेत. वाळल्यानेही पार्थेनिन नाहीसे होत नाही. फुलोऱ्यापूर्वी काढलेले हिरवे गवत खड्ड्यात शेण व मातीच्या थरांसह कुजवून कंपोस्ट करता येते.

६. जेथे शक्य असेल तेथे हाताचे काम कमी करणारे उपाय निवडावेत. मेक्सिकोहून १९८० च्या दशकाच्या प्रारंभी भारतात आणलेला झायगोग्रामा बायकलराटा हा भुंगेरा पावसाळ्यात गाजरगवताची पाने फस्त करतो. तो स्थिरावलेल्या जागी तणनाशक फवारू नये. पडीक जागी तरोटा (टाकळा) यासारख्या दाट वाढणाऱ्या वनस्पती गाजरगवतास दडपतात. तणनाशकांचा वापर कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसारच करावा.

७. पुरळ उठल्यास संपर्क थांबवून त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. दुकानातून परस्पर घेतलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे दीर्घकाळ चेहऱ्यावर लावू नयेत. तीव्र बाधेत तज्ज्ञ लसिकापेशींची क्रिया मंदावणारी औषधे देतात. अशा रुग्णाने ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवू नयेत आणि औषध स्वतःहून बंद करू नये.

८. मोहिमेच्या नोंदवहीत उपटलेल्या क्षेत्राबरोबर आणखी एक रकाना ठेवावा : सहभागी व्यक्तींपैकी कोणास पुढील तीन दिवसांत पुरळ उठले काय? प्रतिक्रिया उशिरा येत असल्याने मोहिमेच्या दिवशी केलेली विचारपूस पुरेशी नसते. तिसऱ्या दिवशी केलेला एक दूरध्वनी अधिक माहिती देतो.

गाजरगवताविरुद्धचे काम एका पावसाळ्यात संपणारे नाही. मातीतील बियांचा साठा दरवर्षी नवी उगवण देत राहतो आणि त्यासाठी तेच हात वर्षानुवर्षे लागणार आहेत. जमिनीतील बियांचा साठा घटवता येतो. लसिकाग्रंथीत एकदा रुजलेली स्मृती मात्र उपटून टाकता येत नाही. गवत फुलावर येण्यापूर्वी काढावे, हा नियम शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडत आहे. हातमोजे पुरळ येण्यापूर्वी घालावेत, हा त्याचाच जोडनियम येत्या ऑगस्टच्या सप्ताहापासून प्रत्येक गावच्या मोहिमेत पाळला जाणे आवश्यक आहे.